बर्डीतल्या काकांचं रेकॉर्डचं दुकान: दुरुस्ती, माल आणि संध्याकाळचं भांडण

ज्यांना नुसता निकाल हवा त्यांना आधी तोच सांगून टाकतो. रेकॉर्ड प्लेअरच्या दुरुस्तीसाठी नागपुरात याच्याहून बरा हात मी पाहिलेला नाही. जुन्या हिंदी-मराठी रेकॉर्डी घ्यायच्या असतील तर डोळे झाकून जा. इंग्रजी रॉकच्या घ्यायच्या असतील तर डोळे उघडे ठेवा आणि पाकीट भरलेलं ठेवा. संध्याकाळी सहानंतर जाणार असाल तर घरी जेवायला वेळेवर येतो असं सांगून निघू नका. त्या वेळी तिथे भांडण चालू असतं आणि नव्या माणसालाही कोणत्या तरी बाजूला बसावं लागतं.

दुकान सीताबर्डीत आहे. 'मोदी नंबर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांपैकी एकीत, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांच्या डोक्यावर, पहिल्या माळ्यावर. पाटीवरचा रंग उडालाय, 'रेडिओ, टेप, डेक' एवढंच काय ते वाचता येतं. येणारे सगळे 'काकांचं दुकान' म्हणतात. गाडी नेण्यात अर्थ नाही, लावायला जागाच नाही. मेट्रोनं सीताबर्डी इंटरचेंजला उतरा आणि पायी या. जिना इतका अरुंद आहे की अँप्लिफायर उचलून चढताना कोपर भिंतीला घासल्याशिवाय राहत नाही.

मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. दिवसा विम्याच्या फायली, रात्री रिसेप्शन नाहीतर गणपती, आणि नशीब जोरावर असलं तर साई सभागृह किंवा देशपांडे सभागृह. स्टेजवर बेसवाल्याकडे कोणी बघत नाही, त्यामुळे आम्हाला दुसऱ्यांचं ऐकायला भरपूर वेळ मिळतो. रेकॉर्ड लावली तरी माझा कान आधी खालच्या सुरांकडे जातो. पुढची मतं त्या कानाची आहेत, हे धरून वाचा.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो प्लेअर घेऊन. बेल्टवर चालणारा जुना प्लेअर होता. गिटार ट्यून करून रेकॉर्डीबरोबर वाजवायला बसलं की सूर जमेचना. माझी गिटार खाली, रेकॉर्ड वर. आधी ज्यांच्याकडे दिला होता त्यांनी 'मशीन ओके आहे' म्हणून परत केला होता आणि पैसेही घेतले होते. काकांनी प्लेअर चालू केला, टेबलावर वाकून पाहिलं आणि ड्रॉवरमधून कागदाची एक गोल चकती काढून फिरत्या थाळीवर ठेवली. चकतीच्या कडेला १८० काळ्या रेघा. टेबलाच्या वर त्यांनी चोकवाली जुनी ट्यूबलाइट मुद्दाम टिकवून ठेवली आहे, बाकी दुकानात सगळे एलईडी. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. थाळी मिनिटाला बरोबर ३३⅓ फेरे घेत असली तर त्या उजेडात रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. माझ्या रेघा पुढे पळत होत्या.

"पाय, पळून राहिल्या न?" काका म्हणाले. मग मोटरच्या पुलीवरून नखानं सेलोटेपचा एक वेढा सोडवून त्यांनी माझ्या हातात ठेवला. बेल्ट घसरू नये म्हणून कुणीतरी पुलीवर टेप गुंडाळली होती. पुली जाड झाली की बेल्ट जास्त खेचला जातो आणि थाळी जोरात फिरते. शंभरात तीन भाग जरी जोरात फिरली तरी हार्मोनियमच्या पांढरी एक आणि काळी एक यांच्यात जेवढं अंतर आहे त्याच्या निम्म्यानं सूर चढतो. गाणं ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही, सोबत वाजवणाऱ्याला दात आंबल्यागत होतं. काकांनी नवा बेल्ट टाकला आणि रेघा उभ्या राहिल्यावरच माझ्याकडून पैसे घेतले. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजची (सुई बसते तो भाग) सुई दोन-चारशेत मिळते. चांगल्या मॅग्नेटिकची हजाराच्या पुढे जाते, आणि 'तुझ्या मशीनले ते लागत नाही' असं ते तोंडावर सांगतात. विकायला बसलेला माणूस असं सांगतो, हे मला तरी नवीन होतं.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या जुन्या रेकॉर्डी घेऊन जाणाऱ्यांना वेगळी जाड सुई देतात. धुवायला अल्कोहोल वापरू नका म्हणून दम देतात, कारण त्यानं लाख विरघळते. एलपीसाठी, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्डींसाठी, मात्र डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल घालून मऊ कापडानं, खाचांच्या दिशेनं पुसून देतात. आणि नागपूरकरांसाठी खास सूचना: मे महिन्यात इथून रेकॉर्ड घेतली तर थेट घरी जा. पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना ती गाडीच्या डिकीत ठेवून धरमपेठेत कुल्फी खात बसलात तर घरी पोचेपर्यंत पापड होतो. घरी आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, आणि कूलरच्या वाऱ्यात तर मुळीच नको, कव्हरला बुरशी धरते.

आता मालाबद्दल. हिंदी चित्रपटांच्या एलपी भरपूर आहेत, नाट्यसंगीत आणि भावगीतं बऱ्यापैकी. भाव अवस्थेप्रमाणे तीनशेपासून सुरू होतात. इंग्रजी रॉकचा खोका एकच, आणि त्यात निम्म्या जुन्या भारतीय छपाईच्या. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापलेल्या बीटल्सच्या पार्लोफोन एलपी त्यात सापडतात. कव्हर फाटकं असलं तरी आवाज दणकट. परदेशातून आलेल्या नव्या छपाईच्या हव्या असतील तर ऑर्डर द्यावी लागते, तीन-चार हजार मोजावे लागतात आणि थांबावं लागतं. पिंक फ्लॉइडच्या त्या प्रिझमवाल्या रेकॉर्डीची मागणी सगळ्यात जास्त, असं काका सांगतात. खाली रस्त्यावर तोच प्रिझम छापलेला टी-शर्ट दीडशेला मिळतो. घालणाऱ्यांना फ्लॉइडचं एक गाणं विचारून बघा.

आता भांडण. हे दुकान बाकीच्या दुकानांहून वेगळं आहे ते याच्यामुळे. संध्याकाळी चार-पाच जण नेहमी बसलेले असतात आणि विषय फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो: रॉकवर सगळ्यात जास्त प्रभाव कुठल्या बँडचा? असला वाद चहाच्या टपरीवरही होतो, पण तिथे ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. काकांनी इथे नियम घातलाय. ज्यानं बँडचं नाव घेतलं त्यानं दोन रेकॉर्डी लावून दाखवायच्या. पहिली त्या बँडची, दुसरी ज्याच्यावर प्रभाव पडला त्याची. दुसरी ऐकताना पहिली ऐकू आली पाहिजे. मोबाइलवरून वाजवायचं नाही, मोबाइल फक्त साल तपासायला. दुकानात असेल ते किंवा घरून आणलेलं. एकटा गायक चालणार नाही, बँडच पाहिजे. हा शेवटचा नियम काकांच्या स्वतःच्याच अंगाशी येतो, कारण त्यांचा सगळा जीव चक बेरीवर.

"वाजवून दाखव न बे, नुसतं काऊन बोलून राहिला?" हे वाक्य तिथे दर दहा मिनिटांनी ऐकू येतं.

बँकेतून रिटायर झालेले एक साहेब बीटल्सच्या बाजूनं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये पहिलं सिंगल (दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड) आणि १९७० मध्ये फुटाफूट. तेवढ्या काळात त्यांनी स्वतःची गाणी स्वतः लिहिणं हा रिवाज करून टाकला. १९६६ च्या ऑगस्टनंतर मैफली बंद केल्या आणि स्टुडिओ हेच वाद्य केलं. अमेरिकेत ९ फेब्रुवारी १९६४ ला ते टीव्हीवर दिसले तेव्हा सव्वासात कोटींच्या वर लोकांनी पाहिलं. या सगळ्याला दुकानात कोणाची हरकत नव्हती. सगळे दुसऱ्या रेकॉर्डीची वाट बघत होते, आणि साहेबांनी ती काढली हिंदीच्या खोक्यातून. १९६५ चा 'जानवर'. शम्मी कपूरचं 'देखो अब तो' सुरू झालं आणि नेहमी येणारी, आर्किटेक्चर शिकणारी एक पोरगी खुर्चीतून उठलीच, कारण आत्ताच वाजलेलं 'आय वाँट टू होल्ड युअर हँड' जसंच्या तसं, फक्त हिंदीत, समोर वाजत होतं. मूळ गाणं १९६३ च्या शेवटाचं. दोन वर्षांत लिव्हरपूलहून मुंबई.

मी म्हटलं, साहेब, ही तर सरळ उचल झाली, याला प्रभाव कसं म्हणायचं? काका मध्ये पडले. "नक्कल कोणाची करतात? जो चालून राहिला त्याचीच न." साहेबांना गुण मिळाले. मला ते गाणं स्टेजवर कितीदा वाजवावं लागलंय, त्यामुळे मी फार ताणलं नाही.

व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजचा एक पोरगा ब्लॅक सॅबथच्या बाजूचा. केस खांद्यापर्यंत, बोलणं अतिशय नम्र, सगळ्यांना 'काका, जरा ऐका न' म्हणून सुरुवात करतो आणि मग रेकॉर्ड लावून खिडकीच्या काचा हलवतो. सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी याची गोष्ट त्यानं ज्या तऱ्हेनं सांगितली ती मला आवडली, कारण त्यात बोटं होती. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, बोटांवर चढवली. नेहमीच्या जाड तारा दाबवेनात म्हणून पातळ तारा लावल्या. पुढे १९७१ च्या तिसऱ्या एलपीत गिटार तीन सेमीटोन, म्हणजे हार्मोनियमच्या तीन पट्ट्या, खाली उतरवली. तारा सैल झाल्या, बोटांना सोपं झालं, आणि तो जड आवाज निघाला ज्याच्यावर पुढचं सगळं मेटल, म्हणजे जड गिटारीचं रॉक, उभं आहे.

इथे मला त्यांचा बेसवाला गीझर बटलर आठवतोच. तो मूळचा गिटारवाला, सॅबथमध्ये येऊन बेसवर गेला. आयोमीच्या रिफला (गिटारीवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याला) तो बरेचदा एकाच सुरात धरून चालतो, त्यामुळे रिफ दुप्पट रुंद होते, आणि सोलो सुरू झाला की खाली मोकाट सुटतो. गिटार सोलोला गेल्यावर खाली पोकळी पडू नये ही काळजी आम्हाला स्टेजवर रोज घ्यावी लागते, आणि ते काम या माणसाइतकं मस्तीत करताना मी कोणाला ऐकलं नाही. पोरानं दुसरी रेकॉर्ड मेटालिका या नंतरच्या मेटल बँडची लावली. ऐकू येत होतंच, आणि २००६ मध्ये सॅबथला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा भाषणाला मेटालिकाचेच दोघं उभे राहिले, हेही त्यानं मोबाइलवर सालासकट दाखवलं. तरी माझं मत असं की मेटलपुरता हा निकाल पक्का आहे आणि मेटलबाहेर लागू होत नाही. आर.ई.एम., टॉकिंग हेड्स या बँडांत सॅबथ शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. पोरगा म्हणाला, "मग काका, मेटलबाहेर रॉक उरलंच कुठे?" वय आहे त्याचं.

आर्किटेक्चरची पोरगी स्वतःच्या पैशानं ऑर्डर देऊन मागवलेली रेकॉर्ड घेऊन आली होती, केळ्याच्या चित्राची. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची मार्च १९६७ ची पहिली एलपी. संगीतकार ब्रायन इनोनं सांगितलेली गोष्ट तिनं सांगितली की पहिल्या पाच वर्षांत ती फक्त तीस हजार खपली, पण ज्यानं ज्यानं घेतली त्यानं बँड काढला. साहेब हसले. बँकेत असले आकडे कसे तपासतात ते त्यांना माहीत होतं. तिनं मात्र वाद न घालता जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडची १९७९ ची एलपी लावली, आणि खरं सांगतो, दुकान शांत झालं. तोच एका सुरावर अडून बसलेला ठेका, तोच गाण्यापेक्षा सांगण्याकडे झुकलेला आवाज. व्हेल्व्हेटची ढोलवाली मॉरीन टकर उभी राहून वाजवायची, पायाच्या पेडलऐवजी मोठा ढोल आडवा ठेवून त्यावर काठ्या. झांजा जवळजवळ नाहीतच. आमच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडवाल्याला मी कितीदा सांगतो की बाबा, झांज कमी कर, गाणाऱ्याचे शब्द ऐकू दे. त्याला ही रेकॉर्ड ऐकवायची आहे.

तिच्या बाजूला वजन होतं. फक्त तो प्रभाव वाजवणाऱ्यांकडून वाजवणाऱ्यांकडे गेलेला आहे, आणि बराचसा उशिरा. मधल्या काळात रॉक आपल्या वाटेनं पुढे निघून गेलं होतं.

कुणीतरी क्राफ्टवर्क म्हणालं. रेकॉर्ड नव्हती. बाद.

आता माझं. मी नाव घेतलं बडी हॉलीच्या बँडचं, क्रिकेट्सचं, आणि पहिला प्रश्न अर्थातच 'कोणती टीम' असा आला. व्हीसीएचे (विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे) विनोद आवरल्यावर मी खोक्यातून १९७८ चा एक संग्रह काढला: बडी हॉली आणि क्रिकेट्सची वीस गाणी. कव्हर झिजलेलं, किंमत काकांनी पेन्सिलीनं दोनदा खोडलेली.

१९५७ साल. टेक्ससच्या लबक गावची पोरं. शेजारच्या न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस नावाच्या छोट्या गावात नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत रेकॉर्ड करत होती. हॉलीनं आधी डेका कंपनीसाठी एक गाणं गायलं होतं, ते कंपनीनं तेव्हा बाहेरच काढलं नाही. करार असा होता की कंपनीसाठी गायलेली गाणी त्यानं पाच वर्षं पुन्हा रेकॉर्ड करायची नाहीत. मग त्यानं तेच गाणं पुन्हा केलं आणि नाव दिलं बँडचं. विम्याच्या ऑफिसात बसणाऱ्या माणसाला असली पळवाट फार आवडते. 'दॅट'ल बी द डे' त्या वर्षी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दोन्हीकडे पहिल्या नंबरवर गेलं.

माझा मुद्दा माणसं किती आणि कोण, इथे आहे. दोन गिटार, एक बेस, एक ढोल, आणि गाणारा त्यातलाच, गाणी बरीचशी स्वतःची. त्याआधी बिल हेलीचा बँड गाजला होता, पण त्यात सॅक्सोफोन होता, स्टील गिटार होती. गल्लीतल्या चार पोरांना ते जमण्यासारखं नव्हतं. हॉलीचं जमण्यासारखं होतं, आणि तो चष्मा घालायचा, त्यामुळे आपणही स्टेजवर उभं राहू शकतो असं बघणाऱ्याला वाटायचं. मार्च १९५८ मध्ये ते ब्रिटनमध्ये फिरले. त्याच वर्षी लिव्हरपूलच्या एका घरगुती स्टुडिओत क्वारीमेन नावाच्या पोरांनी पैसे भरून आपली पहिली तबकडी कापून घेतली, आणि गाणं निवडलं 'दॅट'ल बी द डे'. त्या पोरांतले तिघं म्हणजे लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन. पुढे बँडला बीटल्स नाव दिलं तेही कीटकाचंच (क्रिकेट म्हणजे रातकिडा, बीटल म्हणजे भुंगा).

पहिली जोडी मी साहेबांच्याच खोक्यातून घेतली. हॉलीचं 'वर्ड्स ऑफ लव्ह', मग बीटल्सच्या १९६४ च्या एलपीवरचं तेच गाणं. साहेब गप्प. पण पोरगी हुशार निघाली. मोबाइल बघून म्हणाली, "काका, हे हॉलीनं एकट्यानं स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवून केलंय. एकटा गायक. नियमात बसत नाही." खरंच तसं आहे. नॉर्मन पेटीनं रेकॉर्डी दोन नावांनी काढल्या, ब्रन्सविकवर क्रिकेट्स आणि कोरलवर बडी हॉली, वाजवणारे बरेचदा तेच. काकांनी जोडी बाद केली.

मग मी दुसरी लावली. 'नॉट फेड अवे', १९५७, क्रिकेट्सच्या नावानं, सिंगलच्या मागच्या बाजूला. यात ढोल ऐकायला जाल तर ऐकू येणार नाही, कारण ढोलवाल्या जेरी ॲलिसननं पुठ्ठ्याचा खोका वाजवलाय. आवाज बारीक, कोरडा. टक, टक, टक, मग थांबून टक-टक. गाणारा आणि खोका एकमेकांना जागा सोडून चाललेत, आणि बेस मध्ये मध्ये फक्त टेकू देतो. माझ्या दृष्टीनं कमी वाजवून गाणं उभं कसं करायचं याचा धडा तोच. काकांनी टेबलाखालून रेकॉर्डींचा रिकामा खोका ओढला आणि दोन बोटांनी तोच ठेका धरला. पहिल्यांदा चुकले, मग टूथपेस्टची जाहिरात छापलेल्या बाजूवर वाजवल्यावर आवाज जमला, कारण तिकडचा पुठ्ठा टणक होता.

त्यावर मी रोलिंग स्टोन्स लावले. १९६४, तेच गाणं, ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरपर्यंत गेलेलं, तिथे पहिल्या पाचात पोचलेलं त्यांचं पहिलं. खोक्याच्या जागी मराका खळखळतायत, माउथ ऑर्गन किंचाळतोय, सगळं दुप्पट दांडगं. तरी खाली तोच ठेका. म्हणजे बीटल्सनी पहिली तबकडी कापली ती यांच्या गाण्यावर आणि स्टोन्सना वरचा नंबर मिळाला तो यांच्या गाण्यावर. बाकीच्यांचं बोलणं या दोघांच्या पुढे जाऊन करा.

काका काही वेळ खोका वाजवत राहिले. मग म्हणाले, "हा ठेका बो डिडलीचा हाय, बाप्पा. १९५५." बरोबर आहे. त्याच्या पहिल्याच रेकॉर्डीत तो आहे आणि हॉलीनं तो तिथूनच घेतलेला आहे. "आणि विजेच्या गिटारीचा बँड म्हणशील तर शिकागोत मडी वॉटर्सकडे आधीच होता. स्टोन्सनी नाव कुठून घेतलं?" मडी वॉटर्सच्या १९५० च्या गाण्यावरून, हे तिथे सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, मग लावा न रेकॉर्ड. काकांकडे मडी वॉटर्सची एकही नाही. स्वतःच्याच नियमात अडकलेला दुकानदार पाहायचा असेल तर त्या वेळी तिथे असायला हवं होतं.

साहेबांचं शेवटचं म्हणणं असं की बीटल्स झाले नसते तर क्रिकेट्सचं नाव आज कोणी काढलं नसतं. असेल. हॉली ३ फेब्रुवारी १९५९ ला विमान पडून गेला, तेव्हा बावीस वर्षांचा होता. तोही बँडपासून आधीच वेगळा झाला होता. कीर्तीचं खातं बीटल्सच्या नावावर राहू द्या. पण आज नागपुरात कोणत्याही कॉलेजच्या गॅदरिंगला चार पोरं गिटार, गिटार, बेस, ड्रम घेऊन उभी राहतात, तेव्हा ती मांडणी त्यांच्यापर्यंत ज्या वाटेनं आली तिच्या तोंडाशी मला लबकची पोरं दिसतात. मी मत बदललेलं नाही. काकांनी मला त्या दिवशी गुण दिले की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, चहाचे पैसे मात्र माझ्याकडून घेतले. हरणाऱ्यानं द्यायचे असतात म्हणे.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. एक: विकलेली रेकॉर्ड परत घेत नाहीत. मी घेतलेल्या एका एलपीच्या दुसऱ्या बाजूला चर होता, सुई तिथे अडकून तीच ओळ पुन्हा पुन्हा. परत नेली तर उत्तर मिळालं की घेताना दोन्ही बाजू वाजवून का नाही पाहिल्या? तेव्हा तुम्ही पाहा. वाजवायला ते कधीच नाही म्हणत नाहीत, हेही खरं. दोन: भांडण रंगात आलं की दुरुस्तीचं काम बाजूला पडतं. घाई असेल तर सकाळी अकराला जा, तेव्हा काका आणि ट्यूबलाइट दोघंच असतात. तीन: उन्हाळ्यात वर भट्टी असते. कूलर आहे, पण रेकॉर्डींमुळे तो दाराबाहेर तोंड करून ठेवलाय, म्हणजे जिन्यातल्या माणसांना गार वारा आणि आतल्यांना त्याचा नुसता आवाज. चार: इंग्रजी खोक्यात भाव ठरलेले नाहीत. तुम्ही रेकॉर्ड किती प्रेमानं हातात धरता त्यावर आकडा वाढतो, असा माझा संशय आहे. तोंड कोरं ठेवा.

पैसे मोबाइलवरून चालतात. सोमवारी बंद. पार्सल पाठवत नाहीत, नाव नोंदवून घेतात आणि माल आला की फोन करतात, खरंच करतात. येताना आपली दुसरी रेकॉर्ड घेऊन या, नाहीतर बोलायला मिळणार नाही. आणि मडी वॉटर्सची एखादी एलपी कुणाकडे पडून असेल तर कृपा करून काकांना विकू नका. निदान माझं उत्तर तयार होईपर्यंत तरी.